कमरेखालचा नियम

आज सकाळी झिंजमधल्या आमच्या इमारतीत एकही एसी चालू नव्हता. बहरीनमध्ये ऋतू बदलतो तो असा. पानगळ नाही, धुकं नाही. एप्रिलपासून कानात बसलेली घरघर एकाएकी थांबते आणि माणसाला सात महिन्यांनी स्वतःचा श्वास ऐकू येतो. वरच्या मजल्यावरचा मिक्सर, खालच्या बेकरीत तंदूरच्या भिंतीवर थापल्या जाणाऱ्या खुब्जचा धप्प आवाज, समोरच्या घरातल्या मराठी पोराचं इंग्रजीतून चाललेलं रडणं, सगळं लख्ख ऐकू येतं. इथला उन्हाळा काय असतो ते तिकडच्या माणसाला सांगून पटत नाही. गॅलरीत विसरलेल्या अंड्यातून उकडलेलं पिल्लू चालत बाहेर आलेलं मी स्वतः पाहिलं आहे. मंजिरी म्हणते, तेव्हा तुम्ही ऑफिसात होतात. पण बायकोच्या साक्षीला मी फारसं महत्त्व देत नाही.

तर हवा कोरडी झाली, मी खिडकी उघडली, चहाचा पहिला घोट घेतला आणि फोनवर दामल्यांचा मेसेज वाजला. 'यल्ला मंडळी, सीझन सुरू. सोबत कमरेखालच्या ब्लॉकिंगचा अर्थनिर्णय, सुधारित आवृत्ती, पानं एकोणीस. सावंतराव, अंपायर तुम्हीच.'

एकोणीस पानं. मूळ नियम दीड पानाचा आहे. दीड पानाचं एकोणीस पानं करणारा माणूस देशात असता तर त्याला नगरपालिकेनं रस्ते रुंद करायच्या कामावर नेमलं असतं. मी फोन पालथा ठेवला. पण मागच्या एका हिवाळ्याची चव तोवर जिभेवर येऊन बसली होती: रबराचे काळे दाणे, बारीक वाळू आणि शिट्टीचं प्लास्टिक.

अमेरिकन फुटबॉल ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी स्वतःला भाग्यवान समजावं. बावीस माणसं डोक्यावर बादल्या घालून समोरासमोर येतात. त्यातली सगळ्यात जाड ती पुढे, जमिनीला हात टेकून ओणवी. मग चार सेकंद हाणामारी होते आणि चाळीस सेकंद त्या हाणामारीवर विचारविनिमय. चेंडू खजुरासारखा, दोन्हीकडे निमुळता. त्या चेंडूला पाय लागण्याचे प्रसंग इतके थोडे की याला फुटबॉल का म्हणतात असं मी एका अमेरिकन कोचला विचारलं, तर त्यानं मला खाली बसवून पाऊण तास इतिहास सांगितला. उठलो तेव्हा माझेच दोन्ही पाय बधिर झाले होते, आणि संपूर्ण इतिहासात पायाचा संबंध आला तो तेवढाच.

बहरीनमध्ये हा खेळ खेळणारे म्हणजे सुट्टीच्या दिवशी अंग मोडून घ्यायची हौस असलेले नाना देशांचे नोकरदार आणि मुहर्रकचे स्थानिक तरुण. खेळ ज्यांना कळत होता त्या सगळ्यांना खेळायचं होतं. पंच कुणालाच व्हायचं नव्हतं, कारण पंचाला शिव्या पडतात, त्याही चार भाषांत, आणि उलट द्यायची सोय नाही. तेव्हा लीगच्या सेक्रेटरीनं आपल्याच ऑफिसातल्या ऑडिटरला गळ घातली. तो ऑडिटर म्हणजे आमचे दामले, मूळचे पुण्याचे. नियम सापडला की दामल्यांना भूक लागते. त्यांनी मंडळाच्या गणपतीत, आरती झाल्यावर, खिरापत वाटता वाटता पंच जमवले. मी म्हणालो, मला हा खेळ येत नाही. ते म्हणाले, खेळायचंय कुणाला, वाचता येतं ना?

वाचता येतं. मी कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. उभा जन्म दुसऱ्याच्या चुका मोजण्यात गेलेला. माझ्यात पंच आधीपासून भरलेलाच होता, फक्त पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट मिळायचा बाकी होता. या खेळात मैदानावर पाच पंच असतात, पण 'अंपायर' असं त्यातल्या एकालाच म्हणतात. दोन्ही बाजूंच्या सगळ्यात जाड माणसांच्या ढुशा अगदी जवळून बघणारा तो अंपायर. कमरेला खोचलेला पिवळा फ्लॅग, म्हणजे टोकाला वाळू बांधलेला रुमाल. चूक दिसली की तो फेकायचा. ते काम माझ्याकडे आलं. दामले स्वतः मुख्य पंच, पांढरी टोपी. त्यांची शिट्टी समुद्रावरचा कॉजवे ओलांडून पलीकडच्या देशात ऐकू जायची, आणि तिथलेही लोक म्हणे दोन मिनिटं खेळ थांबवायचे.

आता तो नियम. तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि सांगताना मला दरवेळी आंघोळ करावीशी वाटते.

समोरच्या गड्याला ढकलून वाटेतून बाजूला करायचं, याला ब्लॉक करणं म्हणतात. छातीला भिडून करा, कुणाची ना नाही. पण कमरेखाली, मांडीत, गुडघ्यात शिरून करायचं तर फक्त एका छोट्या चौकटीत: चेंडू जिथं ठेवलाय तिथून दोन्ही अंगांना चार-चार यार्ड, मागेपुढे तीन-तीन. शिवाय समोरून. शिवाय चेंडू त्या चौकटीत आहे तोवरच. खेळ सुरू होताना चेंडू दोन पायांतून मागे सरकवला जातो, आणि मागचा झेलणारा जर लांब उभा असेल, तर चेंडू पापणी लवायच्या आत चौकटीबाहेर. म्हणजे खाली शिरायचं असेल तर त्याच क्षणी. एक श्वास जरी मध्ये गेला तरी दार बंद. अर्थ सरळ आहे. पहिल्या झटक्याला समोरचा गडी तयार असतो, वाकलेला असतो, स्वतःचा गुडघा वाचवू शकतो. चेंडू गेल्यावर तो मान वर करून चेंडू शोधतो. तेव्हा त्याच्या गुडघ्याला डोळे नसतात.

इतकंच आहे. पण ज्यांनी हे लिहिलं त्यांनी त्याला अपवाद जोडले, अपवादांना अपवाद जोडले, आणि मग हात टेकून ते दामल्यांसारख्यांच्या हवाली केलं. गुडघा या अवयवाबद्दल जगातल्या कुठल्याही वैद्यानं लिहिलं नसेल इतकं अमेरिकेतल्या नियम समित्यांनी लिहिलं आहे, आणि त्यातल्या एकालाही तो बसवता येत नाही.

त्या वर्षी सीझनच्या आधी आम्ही प्रत्येक संघाकडे जाऊन नियम समजावून दिला. मुहर्रकच्या संघाचं मैदान विमानतळाच्या कुंपणाला लागून. विमानं इतकी खालून जायची की खिडकीतल्या माणसाच्या ताटात काय आहे ते मला दिसायचं. एकदा उपमा होता. गालिच्यासारखं खोटं गवत, जागोजाग टक्कल पडलेलं. उतरत्या उन्हात ते पोरगेलेसे गडी गोल करून बसले होते, घामाचा आणि ऊदाचा मिसळलेला वास, आणि मी मध्ये उभा, हातात पुस्तक. तिथं मला युसुफ भेटला. बचावाच्या फळीत मध्यभागी उभा राहणारा, पिंपासारखा बांधा, हसला की डोळे नाहीसे व्हायचे. विमानतळावर विमानात बॅगा चढवायचं काम करायचा आणि तिथल्या आपल्या लोकांकडून झकास हिंदी शिकलेला. म्हणाला, इंडियावालों की बॅग उठा-उठाके ही मैंने ताकत बनाई है सर, एक बॅग में पूरा घर आता है. आणि मग मुद्द्याचं विचारलं: नीचे से कब तक आ सकता है?

मी म्हणालो, चेंडू निघाला, मनात 'एक' असं म्हण, आणि मान वर कर. त्यानंतर कोणी खाली येणार नाही. आला तर मी आहे.

'पक्का?'

'पक्का,' मी म्हणालो. माणूस पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून काय वाट्टेल ते बोलतो.

तो हिवाळा मोठा देखणा होता, हे कबूल करायला हवं. संध्याकाळी वारा सुटायचा, शमाल, उत्तरेकडचा, वाळूची बारीक पिठी घेऊन, दातांखाली कचकच. मॅच संपली की टपरीवरचा कडक चहा कागदी कपातून, वर दामल्यांचं भाष्य. आम्ही पाचही पंच शर्टाच्या बाह्या खाली ओढून उभे राहायचो, कारण सात महिने भाजल्यावर माणसाला जरा गार वारा लागला की तो हिमालयात आल्यासारखा वागतो. मैदानाच्या कडेला सिसिलिया असायची, वसईची, इथल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. लीगनं दुखापतींसाठी तिला बोलावलेलं. तिच्याजवळ बर्फाची पेटी आणि जगातल्या यच्चयावत पुरुषांबद्दल एकच मत. कुणी लंगडत आला की ती आधी म्हणायची, कोणी सांगितलं होतं? मग बर्फ.

आणि असायचा तो पासष्ट नंबर. त्याचं नाव मला माहीत आहे, पण ते लिहून कागद कशाला जड करू. दुसऱ्या एका संघात पुढच्या फळीत असायचा. तो ओणवा झाला की त्याची सावली प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेपर्यंत जायची आणि तिथल्या बायका स्वेटर काढायच्या. इतका थोरला देह, पण छातीला भिडायची तयारी नाही. चेंडू निघाला की हा ओणवा तो ओणवाच राहायचा, एक श्वास थांबायचा, समोरच्याची मान वर झाली की मग झडप, थेट गुडघ्यात. डिसेंबरात मी त्याला दोनदा फ्लॅग टाकला. त्याच्या कोचनं लेखी तक्रार केली की हा इंडियन अंपायर वेळ चुकीची मोजतो. तक्रार लेखी आली म्हटल्यावर दामल्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं घरी पाळणा हलला.

बैठक माझ्या घरी भरली. शुक्रवारची दुपार, मंजिरीचा मसालेभात, आम्ही पाच पंच. जेवणं झाल्यावर दामल्यांनी रिकाम्या वाट्या पुसून घेतल्या आणि टेबलावर मांडल्या. इकडे पाच, तिकडे चार. आमटी राहिलेली एक वाटी मागे, तो चेंडू झेलणारा. एका खजुराची बी काढून तो मध्ये ठेवला, तो चेंडू. मंजिरी दारात उभी राहून बघत होती. तिनं मला खुणेनं विचारलं की यांना निवृत्त व्हायला किती वर्षं आहेत.

दामले म्हणाले, 'सावंतराव, तुमची बँक दोनला बंद होते. तुम्ही एक पन्नासला टोकन घेतलं. नंबर अडीचला लागला. काम होतं की नाही?'

'होतं.'

'दोननंतर झालं म्हणून बेकायदा?'

'नाही.'

'मग हा गडी चेंडू आत असताना खाली वाकलेला आहे. त्यानं टोकन घेतलं. पुढे झडप सावकाश घातली, तरी व्यवहार वेळेतलाच.' आणि त्यांनी एक वाटी दुसरीवर हलकेच टेकवली. टिंग.

आम्ही वा म्हणालो. मी सगळ्यात मोठ्यानं. आमच्या टेबलाभोवती बँक, ऑडिट आणि तपासणी यांखेरीज दुसरं काही केलेला माणूसच नव्हता. आम्हाला गुडघा समजत नव्हता, टोकन मात्र हाडामासात भिनलेलं. एका जाड्या माणसाच्या लबाडीला खिडकीवरच्या रांगेची शिस्त चिकटवली आणि वर पुन्हा न्याय केल्याचं समाधान. तो अर्थनिर्णय मी लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत फळ्यावर सुविचार मीच लिहायचो, आणि त्यातला एकही पाळल्याचं मला आठवत नाही.

तो कागद पाच पंचांत फिरला. संघांना कुणी कळवलं नाही. दामले म्हणाले, हा अंतर्गत आहे.

मग उपांत्य सामना. मुहर्रक विरुद्ध पासष्ट नंबरचा संघ. शनिवारची दुपार कलती, हवा काचेसारखी, कुंपणापलीकडे एक विमान नाक वर करून उभं. अशा दिवशी आयुष्य इतकं सोपं वाटतं की माणसानं स्वतःवर संशय घ्यावा.

पहिल्या डावात पासष्ट वाकला, थांबला, युसुफची मान वर झाली, आणि तो गुडघ्यात शिरला. युसुफ कोलमडला, उठला, माझ्याकडे पाहिलं. माझा हात कमरेवरच्या फ्लॅगवर गेला होता. टोकन, मी मनात म्हणालो. हात परत आला.

दुसऱ्या डावात पुन्हा तसंच. या वेळी युसुफ लंगडला, चार पावलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी फळ्यावरच्या गुणांकडे पाहिलं, जणू तिथं काहीतरी फार महत्त्वाचं लिहिलं होतं.

तिसऱ्यांदा जो आवाज झाला त्याची मी तुम्हाला उपमा देणार नाही. उपमा द्यायची मला फार खोड आहे, पण तिथं ती गप्प बसते. सिसिलिया बर्फाची पेटी न घेताच धावली, यावरून मी ओळखलं.

युसुफचा गुडघा शस्त्रक्रियेनं जोडला, पण डॉक्टरांनी सांगितलं की बॅगा उचलायच्या नाहीत. कंपनीत त्याच्या वरिष्ठानं प्रश्न काढला: तू स्वतःच्या हलगर्जीपणानं पाय मोडून घेतलास, मग बसून करायचं काम तुला का द्यावं? युसुफनं सिसिलियाकरवी लीगला निरोप पाठवला. त्याला मॅच परत नको होती, पासष्टला शिक्षा नको होती. त्याला लीगकडून दोन ओळी हव्या होत्या, की आघात नियमबाह्य होता, खेळाडूची चूक नव्हती. दोन ओळी. माझ्या अक्षरात पाव मिनिटाचं काम.

त्यासाठी हूरामधल्या एका हॉटेलात सुनावणी भरली. जुम्म्याची नमाज झाल्यावर, बंद पडद्यांच्या हॉलमध्ये, पाण्याच्या बाटल्या आणि पेपरमिंटच्या गोळ्या. दोन कोच, सेक्रेटरी, दामले, मी, सिसिलिया. दामल्यांनी प्रोजेक्टर लावला आणि पडद्यावर, सहा-सहा फूट उंच, माझ्या बायकोच्या वाट्या आल्या. त्या दिवशी त्यांनी फोटो काढून ठेवला होता. वर लाल बाण, चौकट, घड्याळ. एका वाटीला आमटीतली कढीपत्त्याची पानं चिकटलेली, ती नारळाच्या झावळीएवढी दिसत होती. बहरीनच्या इतिहासात एवढी मोठी आमटी कुणी पाहिली नसेल. दोन्ही कोच गंभीरपणे टिपणं घेत होते.

दामल्यांनी टोकन समजावलं, इंग्रजीतून. मग माझ्याकडे वळले. तो वाकला तेव्हा चेंडू चौकटीच्या आत होता की बाहेर?

'आत,' मी म्हणालो.

झालं. मला एवढंच विचारलं गेलं. मी अक्षरशः खरं बोललो, आणि माझ्या आयुष्यात मी ज्या हजारो थापा मारल्या असतील त्यातली एकही इतकी घाणेरडी नव्हती.

सिसिलिया उठली. तिनं आधी इंग्रजीत विचारलं की हा अर्थ खेळाडूंना सांगितला होता का. दामले म्हणाले, तो पंचांपुरता आहे. मग ती आमच्याकडे वळून मराठीत बोलली, आवाज न चढवता. 'दामले, वाट्यांना गुडघे नसतात.'

दामल्यांनी ते इतिवृत्तात नोंदवलं. शपथेवर सांगतो, नोंदवलं: 'सदस्येतर उपस्थितांनी भांड्यांच्या शरीररचनेबाबत मत मांडले.' आघात नियमात बसतो असा निर्णय झाला. पत्र नाही. खलास. बाहेर आल्यावर दामले मला म्हणाले की सावंतराव, प्रक्रिया फार सुंदर झाली, आणि पेपरमिंटच्या चार गोळ्या त्यांनी खिशात टाकल्या.

हा माणूस दुष्ट नाही, हीच अडचण आहे. दुष्ट असता तर त्याच्या डोळ्यात काहीतरी चमकलं असतं. मंडळात कुणाच्या घरी काही झालं तर पहिला डबा त्यांच्याकडून जातो. पण समोर हाडामांसाचा माणूस आणि शेजारी छापील कागद असला, तर दामले कागदाची तब्येत विचारतात. आणि मी तरी निराळा कुठं होतो. मी कागदाचं अक्षर सुंदर आलंय का ते बघत होतो.

चार दिवस मला घास गेला नाही. खोटं बोलतो, घास जात होता, चव लागत नव्हती. पाचव्या दिवशी मी ठरवलं की आपण एकट्यानं पत्र लिहायचं. लीगचं नाही तर नाही, अंपायर म्हणून माझं. लिहिलं की सामन्यातला तो आघात माझ्या मते नियमबाह्य होता, चेंडू चौकटीबाहेर गेल्यावर झाला, खेळाडूची काही चूक नव्हती, आणि मी फ्लॅग टाकायला हवा होता. खाली सही. लिहून झाल्यावर मी ते मंजिरीला वाचून दाखवलं, दोनदा. दुसऱ्यांदा जरा आवाजात चढउतार घालून. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, पोचवायला जाताय की कीर्तनाला?

शुक्रवारी दुपारी मी सिसिलियाबरोबर मुहर्रकला गेलो. जुन्या गल्ल्या, दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीनं आयुष्याचा पुनर्विचार करावा इतक्या अरुंद. खाली बसायचा मजलिस, भिंतीलगत गाद्या, युसुफ एका कोपऱ्यात, पाय उशीवर लांब केलेला. तो पिंपासारखा गडी तीन महिन्यांत अर्धा झाला होता. मला पाहून हसला, आणि डोळे नाहीसे झाले. त्याची आई आली, काळ्या अबायातली ठेंगणी बाई, हातात कहव्याचं, म्हणजे अरबी कॉफीचं भांडं. तिनं मला आदरानं आधी दिलं. इथं कहवा फिंजान नावाच्या बिनकानाच्या चिमुकल्या कपात देतात आणि तोही तळाशी, घोटभर. संपला की पुन्हा घोटभर. पाहुण्यानं बसावं, वेळ जावा, म्हणून. वेलदोड्याचा वास, खजूर. मी एक घोट घेतला, दुसरा घेतला. किती बरं वाटलं मला. मला वाटलं, माणसं किती मोठ्या मनाची असतात, आणि त्यात मी स्वतःलाही हळूच मोजून घेतलं.

मग मी पत्र काढलं. सिसिलियानं ते त्याला, आईलाही कळावं म्हणून, अरबीतून समजावलं; हॉस्पिटलच्या वॉर्डांत राहून ती फर्डं अरबी बोलते. युसुफनं पत्र हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, नीट घडी करून अंगातल्या पायघोळ थोबच्या खिशात ठेवलं. पुढे ते त्याच्या कंपनीत गेलं आणि त्याला खुर्चीवर बसून करायचं काम मिळालं. पत्रामुळे की डॉक्टरांच्या कागदामुळे, ते मला ठाऊक नाही, आणि विचारायची छाती झाली नाही.

तो म्हणाला, शुक्रान सर. मी हात हलवला, म्हणजे त्यात काय एवढं अशा अर्थानं. तेव्हा त्यानं विचारलं, रागानं नाही, एखादा हरवलेला पत्ता विचारावा तसं.

'सर, ये तीसरी बार का लिखा है. पहली दो बार आपने देखा था?'

सुनावणीत हे कुणीच विचारलं नव्हतं. एकोणीस पानांत हा प्रश्न नाही. सगळे तिसऱ्या वेळेवर बोलत होते. तो चेंडू, ती चौकट, तो एक श्वास. पहिल्या वेळी फ्लॅग पडला असता तर पासष्ट दुसऱ्यांदा बिचकला असता. दुसऱ्या वेळी पडला असता तर तिसरी वेळ आलीच नसती.

माझ्याकडे थापांचा मोठा साठा असतो. मी वाट पाहिली. एकही आली नाही.

'देखा था,' मी म्हणालो. 'दोनों बार.'

युसुफनं मान हलवली.  आई आमच्या तोंडांकडे बघत होती, तिला हिंदी येत नव्हती. तिनं काहीतरी विचारलं आणि त्यानं अरबीत उत्तर दिलं, तीन-चार शब्दांत.

मी सिसिलियाला हळूच विचारलं, काय म्हणाला.

'म्हणाला, हा बघत होता.'

आई उठली. भांडं घेऊन माझ्यापुढे आली, वाकली, आणि माझ्या हातातला फिंजान तिनं भरला. घोटभर नाही. ओतत राहिली, शांतपणे, काठापर्यंत, कहवा माझ्या बोटांवर सांडेपर्यंत. या घरांमधून काठोकाठ भरलेल्या फिंजानाचा अर्थ एकच असतो: हा प्या, आणि निघा. इतक्या वर्षांत मला तसा कुणी दिला नव्हता.

कहवा कढत होता. मी सगळा प्यायलो, रिकामा फिंजान खाली ठेवला आणि चपला शोधायला दाराकडे गेलो.